सहावी चावी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज यंत्र चाललं. "जुनं यंत्र घेतलंस, आता बस भंगार कुरवाळत," असं म्हणणाऱ्यांपैकी एकही आज समोर नव्हता. असता तर मी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं, नुसती टाकीचं दार उघडून बाजूला उभी राहिले असते.

पहिला दिवस आहे, तर नीट लिहून ठेवते. माणूस वाकून आत शिरेल एवढी पोलादी टाकी. तिच्यातली हवा पंपांनी ओढून काढायची, आत जवळजवळ काही उरता कामा नये. मग टाकी तापवायची, साडेचारशे डिग्रीपर्यंत. मग टायटॅनियमच्या चकतीवर विजेची ठिणगी सोडायची. ती चकतीभर सैरावैरा धावते आणि धातूची वाफ करते. त्यात नायट्रोजन सोडला की काचेच्या खिडकीतून जांभळट उजेड दिसायला लागतो, आणि आत टांगलेल्या प्रत्येक वस्तूवर एक कातडं चढतं. केसापेक्षा कितीतरी पातळ, पण कानशीला दाद न देणारं कडक. रंग थेट सोन्याचा. नायट्रोजन कमी पडला तर फिकट, जास्त झाला तर तांबूस. आजचा बरोब्बर आला.

आज नुसती ड्रिलं होती. ड्रिलचं पोलादच असं असतं की साडेचारशे डिग्रीला ते भीक घालत नाही, त्यामुळे माझी परीक्षा तशी सोपी होती. तरी दार उघडायच्या आधी तीनदा हात पुसले. वीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याची टाकी उघडली, तेव्हा कधी पुसले नाहीत.

धाकटा कामावरून थेट आला. माझा भाऊ चाळिशी ओलांडून गेला तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात. शेजारच्याच रस्त्यावरच्या प्रेसखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर बसतो. सोनेरी ड्रिल उजेडात धरून म्हणाला, "ताई, हे खरं सोनं नाही ना? नाहीतर मी दोन खिशात घालून निघतो." मग पुढच्या फेरीसाठी धुऊन ठेवलेल्या ड्रिलांकडे त्याचा हात वळला. मी ओरडले, "हात लावलास तर बोटं तोडून हातात देईन!" बोटाचं तेल लागलं की त्या जागी कातडं धरत नाही, पापुद्रा निघतो. तो शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिला आणि तसाच चहा मागायला लागला. कप तोंडाला मी लावायचा, असा त्याचा हट्ट. हसून हसून पोट दुखलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याकडे जेवायला गेले होते. भावजयीने टोमॅटो चिरायला घेतला आणि सुरीखाली त्याचा चेंदामेंदा झाला.

"परवाच तर धार लावून दिली," धाकटा म्हणाला.

"मग तुमच्या धारेतच खोट आहे."

खोदून खोदून विचारल्यावर कबुली आली. प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडून त्यात रोप लावायचं होतं, म्हणून बाईसाहेबांनी सुरी गॅसवर धरून लाल केली होती. मी कपाळाला हात लावला. "अगं, सुरीचं पाणी उतरवलंस तू!"

मग माझी शाळा सुरू झाली. पोलादाला पाणी देतात, म्हणजे लाल तापवून एकदम गार करतात, की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून नंतर बेताच्या आचेवर शेकून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. त्या शेकण्याच्या पुढे पुन्हा कधी तापवलं, की कडकपणा गेला तो गेलाच. वरून काही कळत नाही. घासा, चमकवा, आरसा करा, आतून मऊ ते मऊ.

"म्हणजे वन्सं, सुरी मेली म्हणा की."

"मेली."

"मग लोणी कापायला ठेवते. म्हाताऱ्या माणसाला हलकं काम द्यावं."

जेवताना टेबलाखाली सारखं ठक, ठक चाललं होतं. धाकट्याची टाच. प्रेसचा ठोका पडला की पेडलवरून पाय पूर्ण उचलायचा, टाच जमिनीवर टेकवायची आणि मगच हात पुढे करायचा, असं त्याच्या पहिल्या उस्तादाने शिकवलं. आता तो घासागणिक टाच टेकवतो. "झोपेतसुद्धा," भावजय म्हणाली. "माझी पिंढरी काळीनिळी झालीय. तो उस्ताद भेटू दे एकदा."

जेवणानंतर तो जुनी घड्याळं घेऊन बसला. हा त्याचा नाद. एवढी दणकट बोटं, दिवसभर पत्रे उचलणारी, आणि केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना श्वाससुद्धा जपून घेतात. माझं आईच्या वेळचं मनगटी घड्याळ त्याने चालू करून दिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं खरं काम! धाकट्याच्या प्रेसखान्याचा मालक स्वतः आला. तेलकट फडक्यात सहा चाव्या गुंडाळून आणल्या होत्या.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. प्रेसचं मोठं चाक सारखं फिरत असतं. पेडल दाबलं की दांड्यातली एक अर्धगोल पोलादी चावी वळते आणि चाकाला अडकते. मग चाक दांड्याला घेऊन फिरतं, वरचा ठोकळा दाणकन खाली येऊन पत्रा कापतो. पाय उचलला की चावी परत वळून सुटते आणि ठोकळा वर जाऊन थांबतो. माणसाचा हात ठोकळ्याखाली असतो तेव्हा त्याच्या आणि त्या चाकाच्या मध्ये ही वीतभर चावीच काय ती असते. ठोक्यागणिक मार खाऊन ती झिजते.

"मॅडम, सारख्या चाव्या बदलाव्या लागतात. तेवढा वेळ प्रेस आंधळ्यासारखी बसून राहते," मालक म्हणाला. "तुमचं सोनं चढवा, बघू काय होतं."

"कडक करून घेतल्यात ना?"

"अहो, आपल्या भट्टीवाल्याकडून. काचेवर ओरखडा काढतील."

मी कानस फिरवून बघितली. साफ घसरली. झालं, आणखी काय पाहिजे? हो म्हणून टाकलं. ड्रिलं काय, कुणीही करतं. यंत्राच्या आतला भाग विश्वासाने हातात देणारा हा पहिला. आणि शिवाय धाकट्याच्या प्रेसची चावी त्यात आहे. त्याला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे आता तुझ्या जिवावर जगायचं म्हण की."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून डोकं फिरलंय. टाकीत हवा शिरत होती. पंप बिचारे ओढतायत, दाबाचा काटा जागचा हलत नाही. नेमका त्याच वेळी भट्टीवाला "यंत्र बघायला" टपकला. गोड माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. मी दाराच्या रबरावरून बोट फिरवत गळती शोधतेय आणि तो माझ्या डोक्याशी उभा राहून स्वतःचं कौतुक करतोय. "माझ्या चावीला तोड नाही मॅडम. पाणी दिलं की दोनशेला शेकायची. दोनशे म्हणजे दोनशे, वर एक डिग्री नाही. म्हणून मार खाते पण वाकत नाही." मी हो हो म्हणत होते, कान सगळा पंपाच्या फुसफुशीवर.

गळती सापडली. रबरावर कपड्याचा एक धागा बसला होता. एवढासा धागा आणि एवढी टाकी हतबल. धागा काढला, दार लावलं, काटा सरसर खाली आला. पुढे सगळं सुरळीत. साडेचारशेला काटा स्थिर, खिडकीत जांभळा उजेड, सहाही चाव्या त्यात संथपणे फिरतायत.

तरी दिवसभर मनाला काहीतरी टोचत राहिलं. दोनदा जाऊन रबर तपासलं. ठीक होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दार उघडलं. काय लिहू? सहा चाव्या, एकीसारखी दुसरी, आरशासारख्या सोनेरी. कडकपणा मोजायच्या यंत्रावर हलक्या दाबाने मोजला, आकडा मलाच खोटा वाटला. मालकाने एक चावी कानाशी धरून वाजवून बघितली, जसं काही ती बोलणार होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मालक खूश. चाव्यांवर झिजेची रेघ नाही म्हणतो. एक जुनी प्रेस तर त्याने सोनेरी चावीसकट विकूनच टाकली. बाहेरगावचा दलाल आला होता, चावी बघून भुलला. "चावी अशी, तर यंत्र कसं असेल म्हणाला!" मालक सांगताना टाळ्या देत होता. मीही हसले. आपल्या हातचं काम आपल्याला न कळवता दूरवर जातं, हे ऐकायला छान वाटतं.

आई असती तर म्हणाली असती, फार हसू नये.

१ मार्च, शनिवार

धाकटा आला होता. आज खिशात घड्याळ नव्हतं, तोंडावर हसू नव्हतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "ताई, प्रेसने काल दोनदा मारलं."

"म्हणजे?"

"मी एकदा दाबलं. तिने दोन ठोके दिले. दुसरा तिचा तिने."

"हात कुठे होता?"

"पत्रा काढायचा चिमटा आत होता. चिमटा गेला." खिशातून त्याने चिमट्याचे तुकडे काढून माझ्या टेबलावर ठेवले. चपटे झाले होते, कागदासारखे. मी ते हातात घेतले आणि पटकन खाली ठेवले.

"तुझा पाय राहिला असेल पेडलवर."

"ताई, माझा?"

तो एवढंच म्हणाला. मालकाला सांगितलं का विचारलं, तर मालकानेही पायाचंच नाव घेतलं होतं. सोमवारी चावी काढून मी तपासावी असं ठरलं. तो गेल्यावर तुकडे बराच वेळ टेबलावर पडून होते. शेवटी भंगाराच्या डब्यात टाकले.

३ मार्च, सोमवार

चावी तपासली. सविस्तर लिहिते, म्हणजे मनाची भुणभुण थांबेल.

एक: सोन्यावर झीज नाही. दोन: एका कडेला बारीकसा ओठ बाहेर आला होता आणि तिथे केसासारख्या चिरा होत्या. चावी काढताना फिटरने हातोडी मारली असणार, ही माणसं हातोडीशिवाय काही काढत नाहीत. कडकपणा आधी भारी दाबाने मोजला, तर आकडा अगदीच पडेल आला आणि तिथे पडलेल्या खड्ड्याभोवती गोल गोल चिरा उमटल्या. कडकपणाचं यंत्रही जुनंच आहे, माझ्या बाकीच्या संसारासारखं. भारी दाबाला नेहमीच कुरकुरतं. म्हणून परत हलक्या दाबाने मोजला. पहिल्या दिवशीचाच आकडा! जिवात जीव आला.

प्रेसखान्यात गेले. मालक, फिटर, दोन-तीन कामगार आणि धाकटा, सगळे कोंडाळं करून उभे. मी म्हणाले, "चावी उत्तम आहे. पाय उचलायला उशीर होत असेल."

कुणीतरी हसलं. मालक धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वय झालं रे बाबा, आता बायकोकडून पाय चेपून घे." धाकट्याने कानापर्यंत लाल होऊन माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

खरं ते सांगितलं. भाऊ म्हणून खोटं बोलायचं का?

५ मार्च, बुधवार

भावजयीचा फोन. "वन्सं, सगळ्यांदेखत बोलायची काय गरज होती? जेवत नाहीयेत धड." मी म्हणाले, कामात नातं आणायचं नसतं. ती म्हणाली, "नातं नका आणू. पण त्यांची टाच तुम्ही कधी ऐकली नाहीत का?"

राग आला. फोन ठेवला. मग वाईट वाटलं. परत केला नाही.

तो आता रोज मुद्दाम त्याच प्रेसवर बसतो म्हणे. पायाचा दोष नाही हे दाखवून देणार. जिद्दी मेला. कुणावर गेलाय, तर माझ्यावरच.

१० मार्च, सोमवार

नवीन काम आलं, लेथची हत्यारं. रंग सुरेख आला. प्रेसखान्यावरून जाताना बाहेर रस्त्यावर थांबले होते. धप्प. धप्प. धप्प. एकसारखे ठोके. ऐकत राहिले, उगाचच. एकदा दोन ठोके फार जवळजवळ पडल्यासारखे वाटले. पण आत प्रेस पुष्कळ आहेत, दोन प्रेस एकदम पडल्या असतील. आत जाऊन विचारावंसं वाटलं, पण धाकटा समोर आला असता.

१२ मार्च, बुधवार

दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

लिहवत नाही.

१३ मार्च, गुरुवार

दवाखान्यात जाऊन आले. हाताला एवढं मोठं गाठोडं बांधलंय. तर्जनी आणि मधलं बोट. कापलेला पत्रा ठोकळ्याखाली अडकला, तो काढायला त्याने हात घातला, आणि ठोकळा खाली आला. बस, एवढंच.

भावजय बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, तर उठून पाणी आणायला गेली.

धाकट्याला गुंगीची औषधं चालू आहेत. मला बघून हसायचा प्रयत्न केला. "ताई," म्हणाला, "माझाच पाय असेल गं. मला वाटतं उचलला. पण सगळे म्हणतात तर असेल राहिला. तू तर मोजूनच बघितलं होतंस."

मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे रे आता."

आणि मला बरं वाटलं. लिहितेय, कारण इथेही खोटंच लिहायचं तर वही कशाला? त्याची दोन बोटं गेली, आणि माझ्या मनात काय आलं, तर चला, चावी सुटली. निघताना खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं, ते बघवलं नाही.

"बोटं तोडून हातात देईन." मीच म्हणाले होते. सगळेच म्हणतात असं. बोलण्याची रीत आहे.

१४ मार्च, शुक्रवार

मालकाचा फोन. चावीला काही झालेलं नाही, तुमच्या तोंडचं प्रमाणपत्रच आहे म्हणाला, तीच चावी परत बसवली आहे. सोमवारपासून धाकट्याच्या जागी दुसरा माणूस बसणार. "पाय हलका असलेला शोधलाय," म्हणाला.

मी बरं म्हणाले.

१६ मार्च, रविवार

भावजय दवाखान्यात, म्हणून त्यांच्या घरी जाऊन डबा करत होते. निदान एवढं तरी. ओट्यावर ती सुरी पडली होती. धाकट्याने मध्यंतरी परत धार लावलेली दिसली, बसल्या बसल्या हात शिवशिवत असणार त्याचे. पातं असं चकाकत होतं की त्यात माझा डोळा दिसला.

टोमॅटो घेतला. सुरी टेकवली. साल दबली, दबली, आणि टोमॅटो फुटून रस ओट्यावर.

मी सुरी हातात धरून उभी राहिले. माझाच आवाज ऐकू आला, त्याच स्वयंपाकघरात, मास्तरणीच्या थाटात: वरून काही कळत नाही. घासा, चमकवा, आरसा करा.

दोनशेला शेकतो, वर एक डिग्री नाही.

साडेचारशेला काटा स्थिर.

खाली फरशीवर बसले. गॅस चालू होता, त्यावरचं पातेलं करपलं तरी उठता आलं नाही.

ड्रिलं साडेचारशेला भीक घालत नाहीत. चाव्या ड्रिलं नव्हत्या. मी कडक आहेत का विचारलं, किती आचेवर शेकल्यात ते विचारलंच नाही. भट्टीवाल्याने न विचारता सांगितलं, तर मी रबर चाचपत होते. भावजयीने एक सुरी गॅसवर धरली. मी सहा चाव्या दिवसभर टाकीत धरल्या, वर सोन्याचं कातडं चढवलं, आणि हलक्या दाबाने ते कातडंच मोजत बसले. भारी दाबाने यंत्र खरं बोललं, त्याला मी जुनं म्हणून गप्प केलं. तो कडेचा ओठ हातोडीचा नव्हता. आतलं मऊ पोलाद मार खाऊन फुगून बाहेर येत होतं. फुगलेली चावी खाचेत अडकणार, पाय उचलला तरी परत वळणार नाही. चाक तर फिरतच असतं.

त्याने पाय उचलला होता.

मालकाला फोन केले. रविवार, उचलत नाही. उद्या सकाळी प्रेस सुरू होतील. हलक्या पायाचा माणूस बसेल.

१७ मार्च, सोमवार

हे बसमध्ये लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

सकाळी प्रेसखान्याचं फाटक उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. मालकाच्या आधी तो नवीन माणूस आला, हातात डबा, मला बघून बाजूला झाला. त्याचे हात बघत राहिले मी. मालक आला तेव्हा म्हणाले, "एकही प्रेस चालू करू नका."

"मॅडम, तुम्हीच तर म्हणालात पाय..."

"मी चूक म्हणाले. कानस द्या."

धाकट्याची चावी काढायला लावली. निघता निघेना, खाचेत फसली होती. दगडाच्या चाकावर टोकाचं सोनं घासून काढलं आणि त्या जागी कानस लावली. पहिल्या दिवशी जिथे ती घसरली होती तिथे आज खायला लागली. खर्र खर्र करून बारीक भुगा मालकाच्या बुटावर पडला. नवीन माणसाने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले.

पाच चाव्या माझ्या पिशवीत आल्या.

"सहावी?" मी विचारलं.

मालक घाम पुसत खुर्चीत बसला. सहावी त्या विकलेल्या प्रेसमध्ये. दलालाने ती पुढे कुणाला दिली, माहीत नाही. त्याचा फोन नुसताच वाजत राहतो. गावाचं नाव तेवढं मालकाला आठवलं. तेही दोन नावं घेऊन, यातलं एक असेल म्हणून.

तिथून दवाखान्यात गेले. धाकटा शुद्धीत, उशीला टेकून बसला होता. भावजय त्याला चमच्याने भरवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं. "धाकट्या, तुझा पाय नव्हता. माझी चावी होती. तापवून मी तिचं पाणी उतरवलं. सुरीसारखं."

भावजयीचा चमचा हवेत राहिला. सुरी म्हटल्यावर तिला लगेच कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा कधी बघेल, सांगता येत नाही.

तो छताकडे बघत होता. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवा होता.

"म्हणजे मी पाय उचलला होता?"

"उचलला होतास."

"टाच टेकवली होती?"

"तू कधी विसरलास का?"

त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं आणि तो रडायला लागला. बोटं गेली तेव्हा एक टिपूस काढलं नव्हतं, असं नर्स म्हणाली होती. भावजयीने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मी पलंगाचा दांडा धरून उभी. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने डावा हात वर करून मला थांबवलं.

"सगळ्या काढल्यास?"

"पाच."

"आणि सहावी?"

दलालाचं सांगितलं, दोन गावांचं सांगितलं. फोन लागत नाही म्हणाले, करत राहीन म्हणाले. तो कोपरावर उठून बसला. चादरीखाली त्याचा पाय हलला, आणि पलंगाच्या लोखंडावर टाच वाजली. ठक.

"मग इथे काय उभी राहिलीस, ताई? तिथेही कुणीतरी टाच टेकवून निवांत हात पुढे करत असेल."